बेंबीवरचा तांब्या

तांब्यावाले महाराजांच्या अंगणात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. कोरोनाची दुसरी लाट नागपुरात ऐन भरात होती. दवाखान्यात गेलं की कोरोना होतो, म्हणून दवाखाना टाळणारी ही शहाणी मंडळी इथे मात्र एकमेकांच्या मानेवर श्वास टाकत उभी होती. मास्क सगळ्यांना होते, हनुवटीवर.

तखतावर नऊ वर्षांचा अंकित पोट धरून कण्हत होता. महाराजांनी त्याला उताणा केला, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, कापूर पेटवला आणि वरून तांब्या उपडा घातला. मग दोन्ही हात वर केले. तांब्या पोटाला घट्ट चिकटलेला. ओढला तर कातडीसकट वर येत होता.

"बेंबी सरकली होती गा, आता धरली," महाराज म्हणाले. "डॉक्टरकडे नेलं असतं तं पोट फाडलं असतं, अन् वरून कोरोना लावून दिला असता. इथं ना सुई, ना टाका."

जयजयकार झाला. फाटकापाशी उभ्या असलेल्या शामलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंकितची ही आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. कालपासून ती भावाच्या, म्हणजे अंकितच्या बापाच्या, विक्रमच्या, मागे लागली होती; आताही तिनं त्याला बाजूला ओढलं.

"दादा, पोरगं तापलं, ओकून राहिलं. चाल दवाखान्यात."

"काहून? मरायले?" बुटीबोरीच्या कारखान्यातून घरी बसवलेला विक्रम आधीच धास्तावलेला होता. "शेजारचे काका चालत गेले होते ना दवाखान्यात? आले का परत?"

ती भीती खोटी नव्हतीच.

"अन् काल बेंबीपाशी दुखत होतं, आज उजवीकडे खाली दुखते," विक्रम म्हणाला. "महाराज म्हणतेत तशीच सरकून राहिली ना वं!"

तांब्या निघाला. थोड्या वेळानं अंकित पुटपुटला, "बाबा, आता नाही दुखत." झालं! विक्रम ढसाढसा रडला, महाराजांच्या पायावर नारळ ठेवला. आपलंच चुकलं की काय, असं क्षणभर शामलालाही वाटलं.

संध्याकाळी अंकितचं पोट फळीसारखं कडक झालं. ओठ पांढरे पडले, हाक मारली तरी ओ देईना. "तू येत असशील तं ये, मी नेते," असं भावाला सुनावून शामलानं त्याला ऑटोत घातलं. विक्रम अनवाणीच मागे धावला.

दवाखान्यात नाकातला नमुना घेतला, सोनोग्राफी झाली आणि अंकितला थेट ऑपरेशनला नेलं. बाहेर आल्यावर सर्जनबाईंनी विक्रमला विचारलं, "दुखणं थांबलं कधी?"

"तांब्या काढल्यावर."

"तेव्हाच फुटलं असणार. अपेंडिक्स ही आतड्याची बोटाएवढी शेपटी. सुजली की बऱ्याचदा आधी बेंबीजवळ दुखतं, मग उजवीकडे खाली. फुटली की ताण जातो, थोडा वेळ बरं वाटतं. तेवढ्यात पू पोटात पसरतो. कोरोनाची भीती मलाही आहे हो, पण त्या भीतीपायी लोक पोरांना फुटल्यावरच आणून राहिलेत. आधी आणला असता तर दोन-तीन दिवसांत घरी गेला असता."

अंकित वाचला. पण पोटात नळी घालून कितीतरी दिवस पडून होता. आणि महाराज? "त्या पोराले माझ्याच तांब्यानं तारलं," असं बिनदिक्कत सांगत सुटले होते. विक्रमच्या कानावर आलं, तसा तो शामलाला घेऊन अंगणात गेला. गर्दी तशीच. तखतावर आता एक मुलगी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून.

शामलानं तिथलाच एक छोटा दिवा आपल्या दंडावर ठेवला, कापूर पेटवला, वर पेला दाबला. पेला चिकटला. तिनं हात हलवून सगळ्यांना दाखवला.

"महाराज, माझ्या दंडालेही बेंबी आहे का?"

लोक हसले. "आत जाळ लागला की हवा तापते," ती म्हणाली. "जाळ विझला की थंड होऊन आकसते, अन् बाहेरची हवा पेला दाबून धरते. यात ना देव, ना बेंबी."

महाराज चवताळले. "मंग पोराचं दुखणं कोणं थांबवलं?"

"पोटात फुटलं, म्हणून थांबलं," विक्रम म्हणाला. मग महाराजांना सोडून तो त्या मुलीच्या आईकडे वळला. "बाई, हिले कुठं दुखते?"

"काल बेंबीपाशी होतं. आज इथं." आईनं मुलीच्या उजव्या कुशीखाली हात ठेवला.

विक्रम तिच्यापाशी खाली बसला. "माझं लेकरू याच तखतावर मरून राहिलं होतं, अन् मी आनंदानं रडत होतो. तुमी नका थांबू. मास्क बांधा तिले, अन् डॉक्टरकडे न्या. भीती मलेही होती. पण भ्यालो तरी डोकं चालवावं लागते बाई, लेकरू आपलं आहे."

बाईनं महाराजांकडे पाहिलंही नाही. मुलीला उचललं आणि गर्दीला म्हणाली, "वाट द्या."