बोगदा शाबूत आहे, हो!

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. एका मोठ्या संशोधन केंद्राच्या स्वागतकक्षात माझा मुक्काम. आमच्या पायाखाली, खोल जमिनीत, लांबलचक बोगदा आहे. तिथे शास्त्रज्ञ अणूहूनही बारीक कणांची टक्कर घडवून तिचा अभ्यास करतात. कारखान्यातून आलो तेव्हा मी काळाकुळकुळीत, चकचकीत होतो. बोगद्यात मोबाईल चालत नाही, म्हणून तिथल्या माणसांची घरं माझ्यावरच विसंबून असायची. "मुलगी झाली!" अशा बातम्या मीच खाली पोचवल्या. सगळे माझं कौतुक करायचे.

मग एका सकाळी कुणीतरी कुठल्याशा ढासळलेल्या खाणीचा फोटो मोबाईलवर फिरवला. खाली लिहिलं, 'संशोधन केंद्राचा बोगदा कोसळला.' झालं! माझी घंटा थांबेचना.

"काहीही पडलेलं नाही, हो," ऑपरेटरताई घसा कोरडा होईपर्यंत सांगत होत्या.

"एवढं ठासून सांगताय म्हणजे नक्कीच लपवताय!" पलीकडून उत्तर यायचं.

आता बोला! नाही म्हणावं तर लपवालपवी, गप्प बसावं तर कबुली.

या रिकामटेकड्यांच्या गर्दीत खऱ्या काळजीचा फोन मात्र अडकला. बोगद्यात काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनची आई हृदयाची रुग्ण. ती घरून नंबर फिरवत राहिली, पण लाइन सतत व्यस्त. शेवटी घरातल्या चपलांवरच ती धापा टाकत केंद्रात आली. टेबलाचा आधार घेताना तिचा धक्का लागला आणि मी फरशीवर आपटलो. ताईंनी तिला खुर्चीत बसवलं, मला उचललं आणि आधी डॉक्टरांना, मग खाली तिच्या मुलाला बोलावलं.

मुलगा धावत वर आला. "आई, तू इथे कशी?"

तिने त्याचा चेहरा चाचपला, मग पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, धडधाकट आहेस तर फोन करायला काय झालं होतं?" आणि ती रडायलाच लागली.

तेवढ्यात मी वाजलो. तिनेच रिसीव्हर उचलला. "बोगदा शाबूत आहे. माझा मुलगा आत्ताच तिथून वर आलाय."

"असं बोलायला तुम्हाला कुणी पढवलं, आजी?"

संध्याकाळी एका वार्ताहराने विचारलं, "म्हणजे नुकसान काहीच नाही?"

ताई वैतागून म्हणाल्या, "आमच्या फोनला तडा गेलाय, तेवढाच."

दुसऱ्या दिवशी मथळा झळकला: 'तडा गेल्याची केंद्राची कबुली!'

मित्रांनो, माझा तडा चिकटपट्टीने बुजला. ती आई मात्र कितीतरी दिवस दवाखान्यात होती. ज्याने फोटो फिरवला, त्याने एकदाही फोन करून चौकशी केली नाही. मला जपा, असं मी म्हणत नाही; माझं वय झालंय. पण ऐकीव बातमी पुढे ढकलण्याआधी माहीतगाराला विचारा. आणि विचारलंत, तर कृपा करून उत्तरही ऐकून घ्या!