शेरीफ गावाचा, नवरा माझा

माझा नवरा एल्वुड हा काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, शेरीफ; पोलीसप्रमुखच म्हणा ना. काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनर मंडळींनी नेमलेला, लोकांनी निवडलेला नव्हे, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग. आणि लोकांच्या तक्रारींचा वेगळा फोन आमच्या स्वयंपाकघरात, म्हणून माझा लोकांवर राग. हा जेवायला बसला रे बसला की घंटा वाजलीच. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मक्याचा पाव गरम खाल्लेला मला आठवत नाही.

सगळ्यांत जास्त फोन व्हर्ना प्रुइटचे. कधी शेजाऱ्याचा कोंबडा, कधी रस्त्यातली गाय. आणि राज्यघटनेत दुरुस्ती करा, शेरीफ लोकांनीच निवडायचा, ही बोंबही तिचीच. चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडायची, "डोक्यावर बसवलेला शेरीफ नको!"

मीही गुपचूप दुरुस्तीच्याच बाजूने मत दिलं. म्हटलं, निवडणुकीत पडेल एकदाचा, घरी जेवेल तरी.

दुरुस्ती धडाक्यात मंजूर झाली. पण अर्ज भरायची वेळ आली, तर एक माईचा लाल पुढे येईना! एल्वुडही अडून बसला. "मी कुणाच्या दारात मतं मागायला जाणार नाही." मला काय, आनंदच झाला.

शेवटच्या दिवशी दुपारी अख्खं गाव आमच्या ओसरीवर. मतदारच उमेदवाराच्या दारात, असलं कधी बघितलं नव्हतं बाई! सगळ्यांपुढे व्हर्ना, हातात केक.

"लोरीन, अगं सांग ना त्याला. गाय कोण हाकलणार?"

"तू उभी राहा की."

"मला झेपणार आहे का ते!"

"मग बोंबलत कशाला होतीस?"

तिने केक माझ्या हातात कोंबला. माझ्या मागे एल्वुड टोपी चुरगाळत उभा, कान लालेलाल. 'तूच हवास' असं ह्याला इतक्या वर्षांत कुणी म्हटलंच नव्हतं. मेला, विरघळला होता.

"राहील उभा," मी म्हणाले. "पण तक्रारींचा फोन तुझ्या घरी."

व्हर्नाने नाक मुरडलं. पण गाव बघत होतं, करते काय?

एल्वुड बिनविरोध निवडून आला. फोन गेला. पुढच्याच आठवड्यात, संध्याकाळी पाव ओव्हनमधून काढला, तरी ह्याचा पत्ता नाही. मी घरचा फोन उचलला.

"व्हर्ना, तक्रार लिहून घे. ऐन जेवणाच्या वेळी माझा नवरा बेपत्ता आहे."

"अगं बाई! आत्ता शोधायला लावते," व्हर्ना म्हणाली.

थोड्याच वेळात भोंगा वाजवत शेरीफची गाडी आमच्याच दारात. पाव अजून गरम होता.