जनीची जागा

"एक जागा रिकामी झाली आहे आणि मुलं दोन आहेत," हेडमास्तर म्हणाले. "तुम्हीच सांगा मालूताई, जनी पुढेमागे दुसरीत बसेल?"

मालूताई विशेष वर्गाच्या दारात उभी होती. आत मुलं मणी ओवत होती. एकसष्ट सालच्या जूनमध्ये शाळेने मागची अडगळीची खोली रिकामी करून हा वर्ग काढला होता. अभ्यासात मागे पडलेली आठ मुलं घ्यायची, तयार करायची आणि परत नेहमीच्या वर्गात बसवायची, या अटीवर त्याला मंजुरी मिळाली होती. पनवेलची पोरं त्याला खुळ्यांची खोली म्हणत.

जनी त्या आठांत नव्हती. दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली तेव्हा हौसा तिला घेऊन आली. हौसा मूळची ओवे गावची. नवरा गेल्यावर खाडीकाठच्या मिठागरावर राबायची. जनी दहा वर्षांची होती, बोलत नव्हती. कामाच्या वेळी आई तिला बांधावरच्या खुंटाला बांधून ठेवायची. हे तिने लपवलं नाही.

"खाडीत जाते ओ ताई. दोनदा काढली," ती म्हणाली होती.

मालूताईने जनीला वरकड म्हणून आपल्या खुर्चीपाशी बसवून घेतलं. दोन महिन्यांत जनी हात धुवायला शिकली, झग्याची बटणं लावायला शिकली. हाक मारली की मान वळवू लागली. मग आठांतला एक मुलगा वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेला. मालूताईने त्याची जागा जनीसाठी मागितली. त्याच आठवड्यात गावातल्या वकिलांनी आपल्या मुलाला, धर्मराजला आणलं. त्याला वाचता येत नव्हतं, बाकी सगळं येत होतं.

"बसेल का?" हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"नाही," मालूताई म्हणाली. "दुसरीत नाही बसणार."

"मग तपासनीसांना काय सांगू? नवव्या मुलीवरून अख्खा वर्ग बंद करतील."

संध्याकाळी हौसा पोरीला न्यायला आली, तेव्हा मालूताईने तिला बाहेर ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. हौसाच्या पायांना मिठाने भेगा पडल्या होत्या. ती त्यांच्याकडेच बघत ऐकत होती.

"उद्यापासून आनू नको?"

"नको. पण रविवारी माझ्या घरी आण. मी शिकवीन."

हौसा उठली. "नको ताई. येक दिस सोडायची नि सा दिस बांदायची, तं तिला कळंल. आता तरी कळत नाय."

तिने जनीचा हात धरला. जनी मालूताईचा पदर धरून होती; तो मालूताईने सोडवून घेतला. बोटं घट्ट होती, एकेक करून सोडवावी लागली. घरी गेल्यावर मालूताईने भात टाकला, वाढून घेतला, जेवली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही.

शिमग्याच्या आधी हौसा बाजारात भेटली. मालूताईने जनीचं विचारलं.

"बरी हाय. पयले पयले सकाळी झगा घालून, बटनं लावून उभी राह्यची. म्हैनाभर."

"आणि आता?"

"आता नाय राहत."

हौसाने सुक्या बोंबलांचा भाव विचारला, पटला नाही म्हणून पुढे गेली. मालूताई तिथेच उभी राहिली. मग तिला आठवलं की आपण भाजीला आलो होतो.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात धर्मराज परीक्षा पास झाला आणि तिसरीत गेला. विशेष वर्गातून परत गेलेला तो पहिला मुलगा. मंजुरी आणखी दोन वर्षांनी वाढली. वकिलांनी शाळेत पेढे वाटले.

"हे तुमचं यश," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी पुडा मालूताईसमोर धरला.

धर्मराज तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग एक पेढा उचलून तोंडात टाकला. तो ताजा होता. उभ्याउभ्या तो संपवून तिने माठातल्या पाण्याने चूळ भरली आणि वर्गात जाऊन धर्मराजच्या जागी आलेल्या नव्या मुलाला त्याचं नाव विचारलं.