धूळपाटीवर उचललेला पूल

मित्रांनो, मी एक जुनी धूळपाटी आहे. मी लाकडाची नाही आणि माझ्यावर धूळही नाही. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. तो कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा, असा. नवख्यांचा हात बसावा म्हणून त्या कोशात एक कोरे पान ठेवले आहे. ते पान म्हणजे मी. फार पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत आणि चुकली की तळहाताने धूळ सारखी करत. माझे नाव तिथून आले.

माझा जन्म वैतागातून झाला. तेव्हा येणारा प्रत्येक जण थेट लेखातच "चालतंय का बघतो" असे टंकून जात असे. एकाने तर ज्वालामुखीच्या लेखात "आई, जेवायला थांबू नकोस" असा निरोप जतन केला. शेवटी एका संपादकाने मला बनवले आणि माझ्या माथ्यावर लिहिले : चुका इथे करा. एवढे मोकळे आमंत्रण दुसऱ्या कोणत्या पानाला मिळते?

तेव्हापासून माझ्यावर लोक शीर्षके ठळक करून बघतात, चित्रे आडवी-उभी करतात. कोणाचे मांजर कळफलकावरून चालत जाते, तेही मी जपून ठेवते. काम झाले की मला पुसतात. पण मी विसरत नाही. 'इतिहास' ही कळ दाबा, माझे प्रत्येक जुने रूप तिथे सापडेल. त्यातलेच एक तुम्हाला सांगते.

दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसणारी एक बाई एकदा कोशात आली. तिने टोपणनाव घेतले 'पुलावरची'. तिचे वडील नदीवरचा उचलपूल चालवत. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली. एका वादळात वीज गेली आणि पूल वरच राहिला. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती आणि आत बाळंतपणात अडलेली बाई. वडिलांनी एकट्याने हाताने चाक फिरवून पूल खाली आणला. ही गोष्ट ते सलूनमध्ये इतक्यांदा सांगत, की त्यांनी तोंड उघडले की न्हावी म्हणे, "आला बघा पूल खाली!" मग सगळे हसत. हळूहळू वडिलांनी ती गोष्ट सांगणेच सोडले होते.

लेकीला ते सहन होईना. तिने सरळ नवा लेख लिहिला. त्यात पूल दोन ओळी आणि वडील दोन पाने : शूर, निष्ठावंत, अद्वितीय. खाली आपले नाव घालून तिने बजावले, "हा लेख माझा आहे. कोणीही हात लावू नये." वडिलांनी त्याच दिवशी सलूनमध्ये जाहीर करून टाकले, "आता कोशातच आलंय! रविवारी बघा उघडून."

संध्याकाळपर्यंत लेखाच्या माथ्यावर फलक लागला : संदर्भ नाहीत, न मिळाल्यास लेख वगळला जाईल. तिने फलक खोडला. तो परत आला. तिने परत खोडला. तेव्हा एका जुन्या संपादकाने तिच्या चर्चापानावर, म्हणजे संपादकांनी एकमेकांशी बोलायच्या पानावर, हाक मारली. विशेषणे कापण्यात पटाईत म्हणून त्याला सगळे कात्रीमामा म्हणत.

"पुलावरच्या ताई, फलकाशी कशाला भांडताय? मजकूर धूळपाटीवर आणा. आपण दोघं बसू."

"माझे बाबा खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे हो. पण उद्या कोणीही येऊन सांगेल, माझ्या बाबांनी चंद्र खाली आणला. तुमच्या बाबांचं वेगळं, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? छापलेलं काही आहे का कुठे? आणि तुम्ही त्यांची मुलगी आहात, हे चर्चापानावर आधीच सांगून टाका. लपवलं तर संशय, सांगितलं तर मदत."

तिने ऐकले आणि लेखातली दोन पाने माझ्यावर आली. मामाने 'अद्वितीय' उडवले, 'शूर' उडवले. तिने 'शूर' परत घातले. मामाने परत उडवले आणि शेजारी कारण लिहिले : "काय केलं ते सांगा, शूर वाचणारा म्हणेल." मग 'निष्ठावंत' तिने स्वतःच खोडले. त्या वेळी मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

शनिवारी ती वाचनालयात गेली आणि जुनी वर्तमानपत्रे चाळून घरी आली. घरातले बोलणे मला पडद्यातून ऐकू येत होते.

"बाबा, बातमी सापडली. फोटोसकट. चाक, वादळ, सगळं आहे." ती अडखळली. "फक्त... रुग्णवाहिका नाहीये. पशुवैद्याची गाडी आहे. आणि अडलेली घोडी होती."

वडिलांची खुर्ची करकरली.

"रुग्णवाहिकाच लिहू का? कोण बघतंय?" ती हळूच म्हणाली.

"तो तुझा कात्रीवाला बघेल ना!" म्हातारा खो खो हसला. "घोडीच होती गं. दर वर्षी सांगता सांगता तिची बाई कधी झाली, मलाच कळलं नाही. लिही घोडी. शिंगरू मात्र तगडं झालं होतं, तेही लिही."

"ते बातमीत नाहीये, बाबा."

"मग राहू दे. कायदा म्हणजे कायदा."

माझ्यावरून लेखात गेला तो मजकूर नेटका होता : पूल कसा उचलला जातो, कोणी बांधला, आणि शेवटी वादळाचे एकच वाक्य, त्यावर बारीकसा संदर्भाचा आकडा. मामाने फलक उतरवला. "हात लावू नये" ही ओळ तिने आपणहून काढली होती.

रविवारी सलूनमध्ये काय झाले, ते तिने रात्री मामाला कळवले. न्हाव्याने फोनवर लेख उघडला आणि ओरडला, "अहो, ही तर घोडी निघाली!" सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने वडील. मग न्हाव्याचे बोट त्या बारीक आकड्यावर पडले. बातमी उघडली. फोटोत ओल्या सदऱ्यातला तरणाबांड माणूस चाकाला भिडलेला होता. हसू थांबले. न्हाव्याने वडिलांच्या खुर्चीवरचा टॉवेल झटकला आणि म्हणाला, "बसा काका. आता पहिल्यापासून सांगा."

मित्रांनो, त्याच रात्री मला पुसले. पूल गेला, घोडी गेली, मी पुन्हा कोरी झाले. वाईट मुळीच वाटले नाही. माझी एवढीच विनंती आहे : पहिल्या चुका माझ्यावर करा, दुसऱ्याचे खोडाल तर कारण लिहा, आणि कोणी नवखा चुकताना दिसला तर त्याला हाकलू नका, माझ्याकडे घेऊन या. मी जागीच आहे, कोरी.