लाल दिवा विझण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टोपण कधीच हरवलंय, अंगभर ओरखडे आहेत. दिसायला अंगठ्याएवढा, पण माझ्या पोटात एका माणसाचा आवाज होता. अख्खा आवाज!

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून ताईच्या दप्तरात आलो. दोन वर्षं तिच्या शाळेचे प्रकल्प वाहिले. मग तिच्या बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. बाबा बसचे कंडक्टर. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज जाईल.

ताईनं बाबांना फोनसमोर बसवलं. "बोला बाबा, रोज लागतं ते सगळं."

"फुकट बोलू? आधी तिकीट काढ!"

एक चाचणी झाली आणि मग सोळा वाक्यं. 'चिमणे, जेवलीस का?' 'चष्मा कुठंय माझा?' 'पुढे सरका, पुढे सरका!' फोनमधली जागा भरली होती, म्हणून ताईनं सगळं माझ्यात घेतलं आणि फोनवरून पुसून टाकलं. दुसरी प्रत? उद्या करू.

मग तिनं जुन्या डब्यात एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि स्पीकर बसवला, झाकणावर सोळा बटणं लावली आणि मला त्यात खोचलं. आठ दिवस तो बोर्ड मला ओळखेचना! मला पुरेशी वीजच मिळत नव्हती. वेगळी वायर जोडली, तेव्हा कुठे आमचं जमलं. बटण दाबलं की बोर्ड माझ्यातलं वाक्य काढून वाजवायचा आणि कुठलं बटण दाबलं ते माझ्यातच लिहून ठेवायचा. लिहिताना माझा लाल दिवा लागायचा. "दिवा विझल्याशिवाय याला हात लावायचा नाही हं," ताईनंच घरात बजावलं होतं.

दवाखान्यातून आल्यावर बाबांनी पहिलं बटण दाबलं. ओट्याशी उभी असलेली आई 'पुढे सरका' ऐकून आधी हसली. मग तिनं उगाचच नळ सोडून ठेवला.

वर्ष बरं गेलं. नंतर ताईला लांबच्या गावी शिकायला जायचं होतं. बाबांनी बटण दाबलं. 'नाही.'

"अहो बाबा, ऐकून तरी घ्या!"

'नाही.' 'नाही.' 'नाही.'

"बस्स झालं बाबा!" ताई किंचाळली आणि तिनं मला उपटलं. लाल दिवा लागलेलाच होता.

बाबा बटण दाबत राहिले. नुसती टकटक.

बोर्ड माझ्यात लिहीत असलेली ओळ अर्ध्यावर तुटली होती आणि कुठलं वाक्य कुठे आहे, ती माझ्यातली यादीच बिघडली होती. दुरुस्तीवाल्यानं चार दिवस खटपट केली. सोळातलं एकही हाती लागलं नाही. सापडली ती फक्त चाचणी. ताईच्या प्रवेशाच्या फॉर्मची तारीख निघून गेली. तो विषय परत कुणी काढला नाही.

मित्रांनो, जे एकदाच मिळतं त्याची दुसरी प्रत आजच करा. आणि कितीही राग आला तरी दिवा विझेपर्यंत थांबा. तेवढे दोनच क्षण लागतात हो.

आता सोळाही बटणांवर चाचणीचं तेच एक वाक्य आहे. बाबांना पाणी हवं असो की चष्मा, डबा एवढंच विचारतो, "हॅलो, हॅलो... येतोय का गं माझा आवाज?"

आणि ताई हातातलं टाकून धावत येते. "येतोय, बाबा."