कोपऱ्यातलं निळं वाक्य

मी माहरुखबाईंचा पांढरा फळा बोलतोय. माझ्या उजव्या कोपऱ्यातला निळा डाग बघून नाक मुरडू नका, त्या डागासाठीच तर आज तोंड उघडलंय.

माझा जन्म इराणमधल्या तबरीझच्या एका कारखान्यातला. तिथून ट्रकनं केरमानशाहला आलो आणि एका इंग्रजीच्या क्लासच्या भिंतीवर चढलो. एकोणीस वर्षं तिथे काढली. शिक्षक पुष्कळ पाहिले. कुणी माझ्याकडे तोंड करून स्वतःशीच पुटपुटत, कुणी लिहिलेलं स्वतःच्या पाठीनं झाकून ठेवत. माहरुखबाईंची गोष्टच वेगळी. ओळ लिहिली की त्या लगेच बाजूला सरकत, शेवटच्या बाकाला दिसावं म्हणून. पुसण्याआधी मागे वळून विचारत, "झालं का सगळ्यांचं लिहून?" होकार आल्याशिवाय त्यांचा हात उठत नसे. कुणी चुकलं तर म्हणत, "छान चूक केलीस, हिच्यावरच आजचा तास घेऊ." त्या बाईंच्या हातून पुसलं जाणंसुद्धा मला सुखाचं वाटे.

गेल्या हिवाळ्यात क्लास बंद झाला. बाकं गेली, खुर्च्या गेल्या, मला मात्र कुणी नेईना. तेव्हा बाईंनीच मला चादरीत गुंडाळलं, टॅक्सीच्या टपावर बांधलं आणि घरी आणलं. घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण गोलनार, दोघीच. गोलनार तांदळाच्या पिठाची बिस्किटं करून गावोगाव खोकी पाठवते.

"हे धूड कुठे ठेवायचं ताई? माझ्या डोक्यावर?" तिनं दारातच विचारलं.

"भिंतीवर. माझी मुलाखत आहे."

मस्कतमधल्या एका शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मुलाखत लॅपटॉपवर होणार होती आणि तीत पंधरा मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा होता. वयाची अट पंचेचाळीसच्या आतली, आणि बाईंना पंचेचाळीस पुरी व्हायला दोनच महिने उरले होते. गावातल्या दोन क्लासांनी 'आम्हाला तरुण शिक्षक हवेत' म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ही संधी गेली की शिकवणं संपलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

तयारी सुरू झाली. तास तर असा बसला की मी भिंतीवर टांगलेला असूनही डोलावंसं वाटलं. घोडं अडलं ते पुढच्या प्रश्नोत्तरांत. गोलनार वडिलांचा जुना चष्मा नाकावर ठेवून मुख्याध्यापिका होई.

"बाई, तुमचा तास फारच सुरेख झाला."

बाईंचा हात छातीवर, मान खाली. "छे छे, मी कसली शिकवते! तुमचाच मोठेपणा."

"बरं. आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

"माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ आहेत हो. मी आपली एका कोपऱ्यातली..."

गोलनारनं चष्मा काढून ठेवला. "अगं मग त्या चांगल्यांनाच घेतील ना! इथे काय दारात उभं राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललंय?"

दोष एकट्या बाईंचा नव्हता. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा चहाचा पेला उचलतो. यजमानालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो तिसऱ्यांदा विचारतोच. पण मस्कतच्या बाई कशाला तिसऱ्यांदा विचारतील?

आठ दिवस घोकंपट्टी झाली. दर वेळी हात छातीवर जायचाच. शेवटी आदल्या दिवशी दुपारी गोलनार वैतागली. पिठाच्या हातानं तिनं समोरचा मार्कर उचलला आणि माझ्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं, 'मी उत्तम शिकवते.'

"हे शंभर वेळा वाच, मग पूस."

बाईंनी वाचलं. पुसायला गेल्या तर अक्षर हलेना. तो मार्कर खोक्यांवर पत्ते लिहायचा होता! स्पिरिट लावलं, अत्तर लावलं. पण माझी कातडी जुनी, शाई आत मुरली. गोलनार रडकुंडीला आली.

"तुझी वाट लावली गं मी ताई."

"असू दे. मी त्याच्यापुढे उभी राहीन," बाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांनाच मी ऐन वेळी उघडं पाडणार होतो.

मुलाखतीच्या दिवशी बाई कोपरा अडवून उभ्या राहिल्या. तास सुरू झाला, रंगला, आणि त्या स्वतःला विसरल्या. ओळ लिहिली आणि सवयीनं बाजूला सरकल्या, खोलीत नसलेल्या शेवटच्या बाकासाठी.

तास संपला. पडद्यावरच्या मुख्याध्यापिकेनं चष्मा सारखा केला. "तास आवडला मला. पण कोपऱ्यात काय लिहिलंय ते?"

बाईंचा हात छातीकडे निघाला. दारात गोलनार ताट धरून थिजली. बाई वळल्या आणि पुसण्याआधी बघायच्या तशा माझ्याकडे बघत राहिल्या. हात अर्ध्यावरून खाली आला.

"मी उत्तम शिकवते," त्यांनी वाचलं. "माझ्या बहिणीनं लिहिलंय. पुसलं जात नाही." मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ते खरं आहे."

मी त्यांच्या हातून हजारो वाक्यं लिहून घेतली, पण इतका अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

चौथ्या दिवशी होकार आला. निघताना बाईंनी मला ओल्या फडक्यानं चारी बाजूंनी पुसलं, कोपरा तेवढा सोडला.

आता माझ्यावर बिस्किटांच्या मागण्या लिहिल्या जातात. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय सुरेख झालीत हो!" गोलनारचा हात छातीवर गेला, "छे छे, कसली..." एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. झालीत खरी."

मी म्हातारा झालोय. उद्या भंगारात निघालो तरी तक्रार नाही. मागणं एवढंच, कोपरा खरवडायच्या आधी मागे वळून एकदा विचारा, सगळ्यांचं लिहून झालं का.