वायपुलूंनी धरलेला ठेका

मित्रांनो, मी एक जुना कटोरा आहे, पण माझ्यात कुणी आमटी वाढत नाही. ऑकलंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात यंत्र म्हणून बसून मी माणसांच्या नजरेचा घेर मोजतो. माझ्यापुढे हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. वयोमानाने हल्ली प्रत्येक दिव्याआधी माझ्या पोटातून ‘खट्’ असा आवाज निघतो.

एकदा माझ्याकडे टोंगा बेटांवरचे वायपुलू आले. चर्चमधल्या गायकांना तेच हाताने ताल देत. घराण्यातून आलेल्या आजाराने त्यांची नजर कडेकडून मिटत चालली होती. एका नव्या उपचारासाठी त्यांचं नाव यादीत घेतलं होतं, पण आधी माझी चाचणी खरी उतरायला हवी होती.

त्यांनी बटण हाती घेतलं आणि काय सांगू, माझं खट् झालं की त्यांचं टक्. खट्-टक्, खट्-टक्, असा सुरेख ठेका धरला की मलाच डोलावंसं वाटलं. मी लबाडीने दिवा न लावता नुसतंच खट् केलं. तरीही टक्.

चाचणी घेणाऱ्या रोवेनाने कपाळाला हात लावला. “अंकल, तुम्हाला न लागलेले दिवेसुद्धा दिसतात.”

“तू एवढी मेहनत घेतेस पोरी. तुला नाही कसं म्हणायचं?”

“पुन्हा असंच झालं तर तुमचं नाव कापतील.”

शेजारी मेलेआने नावाची त्यांची बायको बसली होती. ती म्हणाली, “गाण्यात गप्प राहायच्या जागी कुणी सूर लावला, तर काय करतोस रे?”

“बाहेर काढतो त्याला.”

“मग आज तुलाच काढू?”

वायपुलू ओशाळून हसले आणि पुन्हा बसले. या वेळी खट् झालं की त्यांचा अंगठा फुरफुरायचा, पण ते त्याला आवरून धरायचे. घामाघूम झाले बिचारे. टक् क्वचितच ऐकू आलं. चाचणी खरी उतरली, नाव राहिलं.

रोवेनाने मी काढलेलं त्यांच्या नजरेचं चित्र दाखवलं. सगळीकडे काळोख आणि मधोमध नाण्याएवढा उजेड.

त्यांच्या बायकोने ते जवळ घेऊन पाहिलं. “एवढंच दिसतं तुला?”

त्यांनी मान डोलावली. तिने शेजारची आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या अगदी समोर मांडली.

“आता दिसलीस,” वायपुलू म्हणाले. “रडू नकोस, तेही दिसतंय.”

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला फार धक्के देऊ नका. पण मला खूश करायला बटण मात्र दाबू नका. दिसत नाही ते नाही म्हणून सांगा. त्याशिवाय जवळच्या माणसाला खुर्ची कुठे मांडायची ते कसं कळणार?